एकाच दिवशी सर्वांसाठी, की टप्प्याटप्प्याने?

मोठी सरकारी संगणकप्रणाली सुरू करायचे ढोबळ मार्ग दोन. ठरल्या तारखेला सर्वांसाठी दार उघडायचं, किंवा आधी थोड्यांना आत घेऊन व्याप वाढवत न्यायचा.

पहिल्याचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेचं आरोग्यविम्याचं संकेतस्थळ, हेल्थकेअर डॉट गव्ह. १ ऑक्टोबर २०१३ ला ते खुलं झालं. योजना नुसत्या बघायच्या तरी आधी खातं उघडणं सक्तीचं, त्यामुळे सगळी गर्दी त्याच पायरीवर अडली. पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण झाली फक्त ६ जणांची! अनेक कंत्राटदारांनी बनवलेले भाग जोडून सलग चाचणी झाली ती शेवटच्या दोनेक आठवड्यांत. तारीख हलत नसली की कात्री चाचणीवरच चालते, आणि मला तर हेच सर्वांत घातक वाटतं.

दुसऱ्या मार्गाने ब्रिटनने युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या आणि बेरोजगार लोकांचे अनेक भत्ते एकत्र करणारी योजना) एप्रिल २०१३ मध्ये एका छोट्या भागात, ज्यांची प्रकरणं सोपी अशा अर्जदारांपासून सुरू केलं. काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, जुनी-नवी व्यवस्था एकत्र सांभाळावी लागली. तरी चुका आधी थोड्यांच्याच वाट्याला येतात, म्हणून माझं मत याच मार्गाला.

मात्र टप्पे नावापुरते नकोत. कॅनडाची फीनिक्स वेतनप्रणाली २०१६ मध्ये फेब्रुवारी आणि एप्रिल अशा दोन टप्प्यांत आली. पण प्रायोगिक चाचणी आधीच रद्द केली होती, अनुभवी वेतन-कर्मचारीही कमी केले होते. हजारो सरकारी नोकरांना पगार चुकीचा मिळाला, काहींना मिळालाच नाही.