इंजिन 1931 चं, बॉडी परवाची

गेल्या वर्षी ओहायोतल्या एका विक्रेत्याकडून मी 1931 ची बारा सिलिंडरची कॅडिलॅक रोडस्टर, म्हणजे उघडी दोन आसनी गाडी, घेतली. एक लाख अठरा हजार डॉलर मोजले. मिशिगनमध्ये तीस वर्षं मोटारींच्या धंद्यातच इंजिनिअर म्हणून काढली, म्हणजे अडाणीपणाची सबबही मला नाही.

गाडी खोटी नव्हती, गोम तिथेच होती. 368 घन इंचांचं व्ही-12 इंजिन अस्सल, चासी अस्सल, गिअर लोण्यासारखे पडत होते. त्या काळच्या कॅडिलॅकची ओळख म्हणजे इंजिन नंबर, आणि कागदावरचा नंबर इंजिनावरच्या नंबराशी तंतोतंत जुळला. तो दोनदा वाचून मी खूश! पण इंजिन नंबरावरून बॉडीबद्दल काहीच कळत नाही. उघड्या गाडीला छप्परबंद सेदानपेक्षा कितीतरी जास्त भाव येतो. म्हणून सेदानची बॉडी उतरवून त्याच चासीवर नवी रोडस्टर बॉडी चढवतात. सांगून केलं तर त्यात वावगं काही नाही. मला सांगितलं नाही.

दुरुस्तीचा जाडजूड अल्बम मात्र हौसेने दाखवला. पहिलाच फोटो उघड्या चासीचा. हिने तिथेच विचारलं, "आणि खोलण्याआधीची गाडी?" ते फोटो म्हणे आधीच्या मालकाकडे राहिले. मी उलट हिलाच गप्प केलं. (ते वाक्य घरात अजून निघतं.)

पावसात दार घासायला लागलं म्हणून आतलं अस्तर काढलं. या गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. लाकूड कोरं करकरीत, आणि स्क्रू सगळे फुलीचे, आपले मिस्त्री ज्याला स्टार म्हणतात ते. कॅडिलॅकमध्ये ते आले 1936 साली. दुरुस्तीत स्क्रू बदलतात, लाकूडही बदलतात, हे कबूल. पण अख्ख्या सांगाड्यात जुन्या स्क्रूचं एक भोक नाही?

मग जे पैसे देण्याआधी करायचं ते केलं. इंजिन नंबर देऊन कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या संग्रहातून त्या गाडीचा बिल्ड शीट मागवला. कारखान्यातून गाडी कोणत्या बॉडीची निघाली ते त्यात असतं. खर्च गाडीच्या एका टायरपेक्षा कमी. बॉडी: पाच आसनी सेदान. फायरवॉलवरची, म्हणजे इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावरची, बॉडीची पट्टीही नवी निघाली. तशा पट्ट्या बनवून मिळतात. तुम्ही घेणार असाल तर हा कागद स्वतः मागवा, विक्रेत्याने पुढे केलेली झेरॉक्स धरू नका.

वकिलाने करार वाचला आणि चष्मा काढून ठेवला. त्यात "1931 कॅडिलॅक, आहे त्या स्थितीत" एवढंच. मूळ बॉडी हे शब्द फक्त तोंडी होते.

आता मी गाडी विकायला काढली आहे. जाहिरातीत पहिलंच वाक्य, बॉडी नवी आहे. तीन महिने झाले, एक फोन आला. तो म्हणाला, ते वाक्य काढा, मी गिऱ्हाईक आणतो.