पॅरा पॉवरलिफ्टरच्या दंडाला ओमरॉन एचईएम-7120: मशीन घ्या, पण मोठ्या पट्ट्यासकट

औषधाच्या दुकानात सहज मिळणारं, दंडाला पट्टा बांधून एका बटणावर चालणारं हे बीपी मशीन घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी ठीकच आहे, त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. इथे प्रश्न वेगळा आहे. पोलिओने पाय अधू झालेला, पाय गमावलेला किंवा मणक्याला इजा झालेला खेळाडू बेंचवर शंभर-दीडशे किलो उचलतो, तेव्हा त्याच्या जिममध्ये हे मशीन काय कामाचं? उत्तर: सरावाच्या आधी आणि नंतर खूप कामाचं, वजन उचलताना अजिबात नाही, आणि सोबत आलेल्या पट्ट्यावर तर बहुतेक लिफ्टर्सचं भागणारच नाही.

पट्ट्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. खोक्यातला पट्टा 22 ते 32 सें.मी. घेराच्या दंडासाठी आहे. नियमित बेंच प्रेस करणाऱ्याचा दंड 36-38 सहज भरतो, वरच्या वजनगटात 40 च्या पुढेही जातो. अशा दंडावर लहान पट्टा कसाबसा चिकटतो, मशीन तक्रार न करता आकडा दाखवतं आणि तो आकडा फुगलेला असतो. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2023 मध्ये हे मोजून दाखवलं. मोठा पट्टा लागणाऱ्यांना साधा बांधला तर वरचं बीपी सरासरी 5 ने जास्त आलं. अतिमोठा पट्टा लागणाऱ्यांमध्ये हा फरक जवळपास 20 होता. म्हणजे 125 वाला धडधाकट लिफ्टर कागदावर 145 चा रुग्ण ठरतो, त्याचा सराव थांबतो, गोळ्याही सुरू होऊ शकतात. केवळ पट्ट्यापायी एखाद्याचा हंगाम वाया जावा हे मनाला पटत नाही.

म्हणून आधी टेप घ्या. खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधे, हात सैल सोडून, घेर मोजा. वॉर्म-अपच्या आधीच मोजा, सेटनंतर दंड फुगलेला असतो. 32 च्या वर भरला तर 32 ते 42 सें.मी.चा मोठा पट्टा वेगळा विकत घ्या. 42 च्याही वर असेल तर हे मशीन सोडा, मोठ्या मापाचा पट्टा असलेल्या दवाखान्यात मोजून घ्या. बुटकेपणाच्या गटातल्या खेळाडूंची अडचण उलटी: दंड जाड पण आखूड. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून एक-दोन सें.मी. वर राहायला हवी, इथे ती कोपरावर येते. अशांसाठी पट्ट्याची रुंदी डॉक्टरांनी ठरवावी.

आता वजन उचलतानाचं बीपी. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 1985 मध्ये बॉडीबिल्डर्सच्या धमनीतच नळी घालून दाब मोजला होता. दोन्ही पायांच्या जड लेग प्रेसला सरासरी 320/250 आलं, एकाचं 480/350 च्याही वर गेलं. नुसत्या एका हाताच्या कर्लमध्येही दमून थांबेपर्यंत रेप्स मारल्यावर 255/190 पर्यंत मजल गेली. आकुंचन पावलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्यात श्वास रोखून जोर लावला की छातीतला दाबही रक्तदाबात मिसळतो. बार रॅकवर गेला की काही सेकंदांत हा डोंगर कोसळतो, बऱ्याचदा सुरुवातीच्या पातळीच्याही खाली जातो. या मशीनची हवा 299 च्या वर भरत नाही, एका मोजणीला अर्धा मिनिट किंवा जास्त लागतो आणि तेवढा वेळ हात निश्चल हवा. त्यामुळे जड सेटनंतर 118 दिसलं म्हणून 'आपलं बीपी वाढतच नाही' असं कुणी म्हणत असेल तर त्याला वेळीच थांबवा. तो आकडा उचलण्याचा नाही, ओसरल्यानंतरचा आहे. कंपनीची अचूकतेची हमीही शांत बसलेल्या माणसापुरतीच असते.

या मशीनचं खरं काम शिस्तीने घेतलेल्या रीडिंगचं आहे. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, व्यायाम नको. मूत्राशय रिकामं करा, कॅथेटर असेल तर पिशवी बघा. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. दोन्ही पाय नसलेल्या खेळाडूला 'पाय जमिनीवर टेकवा' हा नियम लागू पडत नाही, पण पाठीला आणि मांड्यांना भक्कम आधार हवाच. तोल सावरत बसलं की आकडा चढतो. व्हीलचेअरचा हात बहुतेक वेळा छातीपेक्षा बराच खाली असतो. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सें.मी. खाली राहिला तर बीपी साधारण 8 ने जास्त दिसतं, म्हणून हाताखाली उशी किंवा घडी घातलेला टॉवेल ठेवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सरावानंतर त्याच हाताला, त्याच बैठकीत 1, 5, 15 आणि 30 मिनिटांनी पुन्हा मोजा. आधी बसून आणि नंतर बेंचवर आडवं पडून घेतलेल्या आकड्यांची तुलना करू नका. मशीन फक्त शेवटचं रीडिंग लक्षात ठेवतं, त्यामुळे वही लागेल. वहीत वेळ, नाडी, बैठक आणि त्या दिवशीचं सगळ्यात जड वजन लिहा. विश्रांतीतच 200/110 च्या वर दिसलं तर त्या दिवशी बारला हात लावायचा नाही, डॉक्टरांकडे जायचं.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवरचा ताबा बिघडणं) असलेल्यांच्या बाबतीत मशीन अडखळतं. ते धमनीचे बारीक ठोके पट्ट्यातल्या हवेतून ओळखतं; हाताचा कंप, आचका किंवा ताठरपणा त्यात मिसळला की एरर येते किंवा भलताच आकडा. कमी ताठर हात निवडा, आचके थांबेपर्यंत वाट पाहा, आणि दोन रीडिंगमध्ये 10 पेक्षा जास्त फरक असेल तर तिसरं घ्या. तरीही जमेना तर स्टेथोस्कोप लावून हाताने मोजणारा माणूसच हवा.

मशीनची सगळी किंमत वसूल होते ती मणक्याची इजा असलेल्या खेळाडूंमध्ये. छातीच्या सहाव्या मणक्याच्या (टी-6) पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल तर विश्रांतीतलं वरचं बीपी मुळातच 90 ते 110 असू शकतं. अशा माणसाला 138 दिसलं तर मशीनच्या लेखी ते साधं, त्याच्या शरीराच्या लेखी धोक्याचं. नेहमीच्या पातळीपेक्षा 20 किंवा जास्त वाढ, डोकं ठणकणं, इजेच्या वरच्या भागात घाम आणि लाली, नाक चोंदणं, नाडी मंद होणं: ही ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाची, म्हणजे इजेच्या खालच्या भागातल्या त्रासाने बीपी एकदम भडकण्याची लक्षणं. भरलेलं मूत्राशय, पिळलेली कॅथेटरची नळी, बद्धकोष्ठता, दाबाची जखम, आणि बेंचवर मांड्यांना आवळलेला पट्टा हीसुद्धा कारणं ठरतात. पहिलं काम: आडवं ठेवू नका, लगेच उठवून बसवा. पट्टे, घट्ट कपडे सोडा, कॅथेटर तपासा, दर 2 ते 5 मिनिटांनी बीपी मोजा. कारण सापडत नसेल किंवा वरचं 150 च्या वर टिकत असेल तर रुग्णवाहिका. हे न थांबल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

कामगिरी वाढवायला ही अवस्था मुद्दाम ओढवून घेण्याला 'बूस्टिंग' म्हणतात. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने त्यावर 1994 पासून बंदी घातली आहे. स्पर्धेआधी वरचं बीपी 160 किंवा जास्त आढळलं तर सुमारे दहा मिनिटांनी पुन्हा मोजतात, आणि तेव्हाही तेवढंच असेल तर खेळू देत नाहीत. त्यामुळे मोठ्या दंडाच्या खेळाडूने आपल्याला लागणाऱ्या पट्ट्याच्या मापाची माहिती जवळ ठेवावी.

पोलिओ झालेल्यांना डिसरिफ्लेक्सियाचा धोका सहसा नसतो, संवेदनाही शाबूत असतात. 2004 च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये 56 किलो गटात कांस्य मिळवणारे राजिंदर सिंह रहेलू पोलिओग्रस्तच. त्यांच्यासारख्यांना नेहमीचेच निकष लावावेत, मणक्याच्या इजेचा तक्ता लावून घाबरवू नये.

उलट बाजूही मोजा. शेवटच्या सेटनंतर झटकन उठून बसल्यावर तीन मिनिटांत वरचं 20 किंवा खालचं 10 ने उतरलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुन्हा आडवं करा, पाय वर धरा. पुढच्या वेळी टप्प्याटप्प्याने उठवा, पोटाला बांधायचा पट्टा लावून बघा. हातांना संवेदना नसलेल्यांच्या दंडावर पट्टा गुंडाळून ठेवू नका. प्रत्येक मोजणीनंतर सोडा, त्वचेवर वळ उठलेत का ते बघा.

वरचं बीपी 210 च्या पुढे असण्याची शंका असेल तर हवा भरू लागल्यावर स्टार्टचं बटण दाबून धरा आणि अपेक्षित आकड्याच्या 30-40 वर नेऊन सोडा, नाहीतर मशीन पुन्हा पुन्हा हवा भरत बसतं. सेल चार, एए आकाराचे. जिममध्ये चारांचा एक संच जादा ठेवा. मनगटाचं मशीन स्वस्त किंवा सुटसुटीत वाटलं तरी या कामाला घेऊ नका, मनगट हृदयाच्या पातळीवर धरण्यात जराशी चूक झाली की आकडा बदलतो. आणि मोठा पट्टा घेताना त्याची नळी याच मॉडेलला बसते का, ते दुकानातच लावून, एक रीडिंग घेऊन पाहा.