थॅलियम की स्ट्रेस एमआरआय? दोन्ही करून बसलेल्याचं मत

ताण आला की हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं का, हेच दोन्ही टेस्ट बघतात. थॅलियममध्ये शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात आणि त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांवरून हृदयाचे फोटो काढतात. डॉक्टर "कुठलीही चालेल" म्हणाले असतील तर माझा कल एमआरआयकडे आहे, तुमची केस वेगळी असू शकते.

थॅलियम सोपी जाते हे मान्य. बंद जागेची धास्ती असेल किंवा ठोके फारच अनियमित असतील तर तीच बरी, कारण एमआरआयचे फोटो ईसीजीशी जुळवून काढतात, ठोका चुकला की फोटो बिघडतो. रेडिएशन असतं, पण एकदाच करायची तर मी त्याचा बाऊ करणार नाही.

मला वैताग आणला तो रिपोर्टने. हृदयाच्या खालच्या भिंतीला डिफेक्ट (रक्त कमी दिसणारा भाग), डायफ्रॅममुळे (छाती-पोटामधला श्वासाचा पडदा) असू शकतो, क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघा. अहो, तेच कळावं म्हणून तर टेस्ट केली ना! होतं काय की तिथून येणारे गॅमा किरण डायफ्रॅम अडवतो, मग रक्त खरंच कमी पडतंय की नुसती सावली आहे ते सांगता येत नाही, पालथं झोपवून परत फोटो घेतले किंवा सीटीने करेक्शन केलं तर बरंच सुटतं पण माझ्या वेळी दोन्ही झालं नाही, आणि घरचे विचारतायत काय निघालं.

एमआरआयला ही भानगड नाही. अ‍ॅडेनोसिन (हृदयावर ताण आणायला देतात ते औषध) सुरू झालं की छाती जड होते, चेहरा तापतो, वाटतं आता काही खरं नाही, पण बंद केलं की लगेच उतरतं. ते चालू असतानाच गॅडोलिनियम (फोटोत रक्त उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) सोडतात, रक्त कमी पोचतं तिथे स्नायूची आतली कड काळी राहते. दहाएक मिनिटांनी जुन्या अटॅकचा व्रण पांढरा दिसतो, भिंतीत किती खोल गेलाय तेही. निम्म्याहून जास्त जाडी गेली असेल तर स्टेंट-बायपासने तो भाग सुधारायची आशा कमी. माझी खालची भिंत साफ निघाली, विषय संपला.

२०१२ च्या सीई-मार्क अभ्यासात एमआरआयची थॅलियमसारख्या स्कॅनशी तुलना केली, ७५२ पेशंट घेतले होते, त्यात एमआरआयने आजार जास्त पकडला, नसलेला आजार दाखवण्यात मात्र दोन्ही जवळपास सारख्याच, म्हणजे माझा अनुभव सगळ्यांना लागू होईलच असं नाही.

किडनी कमजोर असेल तर गॅडोलिनियमबद्दल आधीच विचारा, चहा-कॉफी आदल्या दिवसापासून बंद (कॅफीनने अ‍ॅडेनोसिनचा असर मारला जातो), आणि हार्टचे एमआरआय नेहमी होतात अशाच ठिकाणी जा, नुसत्या मणक्या-गुडघ्यांचे काढणाऱ्यांकडे नको.