खळ, दाभण आणि ‘मंगळवारी या’

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बसस्टँडमागं बाइंडिंगचं एक दुकान आहे. पाटी नाही. दारात वह्या दाबायचा लाकडी शिकंजा दिसला की समजायचं. शाळांचे हजेरीपट, सोसायटीची रजिस्टरं, वकिलांच्या फायली, अशी कामं तिथं चालतात. मी माझ्या कथांच्या वह्या नेतो.

पहिल्यांदा गेलो ते 2017 च्या हिवाळ्यात. सीतादही, म्हणजे कापूस वेचायच्या आधीची शेतातली पूजा, झाली, पहिला वेचा बरा निघाला, पुढची बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी. वेचायला बाया लावल्या असत्या तर मजुरीच अंगावर आली असती. त्यातच संदुकीतल्या सहा वह्यांना उदई, म्हणजे वाळवी, लागलेली दिसली. दुकानाच्या काकांनी एकेक वही झटकून पाहिली. “लिहिलं ते शाबूत हाये जी. कडाच गेल्या.” पैशांचं विचारलं तर म्हणाले, “कापूस इकल्यावर द्या.” मी म्हटलं, यंदा कापूस नाही. “मंग पुढच्या सालचा.”

कामाचं सांगतो. आधी जुन्या पिना काढतात, कारण गंज कागद खातो. मग दाभणानं भोकं, मेण लावलेला दोरा, मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे किडे लागत नाहीत. रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवलं की दुसऱ्या दिवशी पुठ्ठा आणि कापडी पाठ. मी शहरातून मशीनवर चिकटवून आणलेलं एक बाड दुसऱ्याच उन्हाळ्यात पानं गाळायला लागलं. इथल्या सहाही वह्या अजून सपाट उघडतात.

एकदा शिवून झालेल्या वहीत मधलं एक पान उलटं लागलं होतं. मला दिसलंही नव्हतं. काकांनी सगळा दोरा उसवला. त्याच आठवड्यात मी एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती, तिचा शेवट कच्चा आहे हे मला पाठवतानाच माहीत होतं. घरी येऊन ती परत मागवली. संपादकांचं उत्तर अजून यायचं आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो वेळेचा. ‘मंगळवारी या’ म्हणजे तीन आठवडे धरा. दुसरी गोष्ट, कडा कापताना हात मोकळा आहे. मी ओळ थेट काठापर्यंत लिहितो, त्यामुळे तिसऱ्या वहीतले बरेच ‘होता’ आता नुसते ‘हो’ झालेत. दोन्हीकडे बोटभर जागा सोडूनच लिहा.

उधारी मी 2019 मध्ये फेडली. काकांनी जुनी चिठ्ठी शोधली, सापडली नाही, आणि अंदाजानं जो आकडा सांगितला तो खऱ्यापेक्षा कमी होता. मी पूर्ण दिले, तर वरचे परत केले.

2020 मध्ये शाळा बंद, तर हजेरीपटही बंद. दुकान उघडलं तेव्हा मी कोऱ्या कागदाच्या चार वह्या बांधायला टाकल्या. गरज एकीचीच होती. काकांनी कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, काही बोलले नाहीत. दोरा मात्र नेहमीपेक्षा जाड घातला.

आता दिसलो की विचारतात, “भरल्या का जी?” दोनच भरल्यात. म्हणून हल्ली मी बसस्टँडकडून न जाता पोस्टाकडून फिरून जातो.