मिडच्या नॉबपायी गेलेले साडेसहाशे रुपये

हा चाळीस वॅटचा जुना ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र, मी दिवाळीआधी साडेसात हजारांना घेतला आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा अख्खा हंगाम त्यावर वाजवला. हा अनुभव जानेवारीत लिहायला बसलो असतो, तर ‘हे यंत्र कोणीही घेऊ नये’ एवढ्या एका वाक्यात काम संपले असते.

झाले असे, की धानाच्या चुरणीचा भुसा घरभर बसला म्हणून पुतण्याने ॲम्प पुसून काढला आणि पुसताना बास, मिड व ट्रेबल हे खालच्या, मधल्या व वरच्या स्वरांचे तिन्ही नॉब शिस्तीत शून्यावर आणून ठेवले. संध्याकाळी व्हॉल्यूम कितीही वाढवला तरी स्पीकरमधून नुसती बारीक घरघर येत होती. केबल बदलून झाली, फ्यूज पाहून झाला, आणि शेवटी तो अवजड डबा एसटीत मांडीला टेकवून मी नागपूरला नेला. दुरुस्ती करणाऱ्याने चार दिवस ठेवून घेतला, बिलावर ‘प्रीॲम्प (ॲम्पचा सुरुवातीचा भाग) दुरुस्ती’ असे लिहिले आणि 650 रुपये घेतले. परत मिळाला तेव्हा तिन्ही नॉब पाचवर होते. मला त्यात काहीच वावगे वाटले नाही.

फेब्रुवारीत पुन्हा तेच झाले. प्रयोगाला निघायची घाई होती, म्हणून चिडून मी मिड दोनवर फिरवला, तर दबका का होईना, पण आवाज आला. परत शून्यावर नेला की गायब. तेव्हा कळले, की फेंडर या अमेरिकी कंपनीच्या जुन्या ॲम्पपासून चालत आलेल्या या रचनेत नॉब काही वाढवत नाहीत, ते फक्त कमी कापतात किंवा जास्त कापतात. तिन्ही शून्यावर असले, की गिटारचा सगळा सिग्नल स्पीकरकडे न जाता थेट ग्राउंडला जातो. म्हणजे यंत्र कधी बिघडलेच नव्हते, त्यामुळे कंपनीवरचा राग मी मागे घेतो. साडेसहाशे रुपयांचा मात्र अजून घेतलेला नाही.

नॉब पाचवर म्हणजे आवाज जसाच्या तसा, ही माझी समजूत मंडपातल्या साउंड मिक्सरवरून झाली होती. तिथे नॉब मधोमध असला, की आवाजाला हात लागत नाही. पीटर बॅक्सँडल यांनी 1952 मध्ये मांडलेल्या सर्किटची ती पद्धत. या ॲम्पवर मात्र सगळे पाचवर ठेवले, तरी साधारण 400 ते 600 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे मधल्या स्वरांत, आवाजाला चांगलाच खड्डा पडलेला असतो. तो भरून आवाज सपाट करायचा, तर बास आणि ट्रेबल शून्याजवळ आणि मिड दहावर न्यावा लागतो, जे करायला कोणाचाही हात धजावत नाही. शिवाय एक नॉब हलवला, की उरलेल्या दोघांचे कामही थोडे बदलते, म्हणून आकडे लिहून ठेवण्यापेक्षा कानाने जुळवलेले बरे.

त्या खड्ड्याचे मला इतके दिवस कौतुकच होते, कारण घरी एकट्याने, हळू आवाजात वाजवताना तो गोड लागतो. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि वरचे स्वर मुळातच कमी ऐकू येतात, त्यामुळे वाढवलेले बास-ट्रेबल तिथे खपून जातात. नाटकात ऑर्गन आणि ढोलकी सुरू झाली, की तीच गिटार दिसते पण ऐकू येत नाही. खालच्या मोकळ्या तारेचा सूर 82 हर्ट्झचा असला, तरी तिथे बास वाढवून मी फक्त ढोलकीशी भांडत होतो. गिटारची ओळख मधल्या पट्टीत असते आणि नेमकी तीच मी कापून टाकली होती. आता मंडपात बास तीन, मिड आठ आणि ट्रेबल चार ठेवतो. त्यावर ऑर्गनवाले काका एवढेच म्हणाले, की आज तुझ्या चुका ऐकू आल्या.

माझी तक्रार एकच उरली आहे: ॲम्पसोबत मिळालेल्या पुस्तिकेत विजेचा धक्का बसू नये म्हणून दोन पाने आहेत, पण तिन्ही नॉब शून्यावर नेल्यास आवाज बंद होतो, हे एक वाक्य कुठेही नाही. मी मिडच्या नॉबशेजारी दोनच्या आकड्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आहे, आणि त्याच्या खाली नॉब न्यायचा नाही असे पुतण्याला बजावले आहे.