ड्रायव्हर रोलबॅक की डीडीयूने साफसफाई?

गेम चालू असताना स्क्रीन काळी होते, क्षणभरात परत येते, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) ४१०१ क्रमांकाची नोंद दिसते. ग्राफिक्स कार्डाने साधारण २ सेकंदांत उत्तर दिलं नाही, म्हणून विंडोजने ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा सुरू केला, एवढाच त्याचा अर्थ.

त्रास ड्रायव्हरच्या नव्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर आधी रोलबॅक, म्हणजे जुन्या ड्रायव्हरवर परत जाणं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबायचं. काम पाच-दहा मिनिटांचं. मात्र जुना ड्रायव्हर शिल्लक नसेल तर ते बटण फिकट दिसतं, मग विषय संपला.

डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ड्रायव्हर काढून टाकणारा प्रोग्राम) जुन्या ड्रायव्हरच्या फायली आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) नोंदी खरवडून काढतं. एनव्हिडियाचं कार्ड काढून एएमडीचं बसवलंय, किंवा रोलबॅकनंतरही क्रॅश होतंय, तेव्हा मी हेच निवडेन. नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, इंटरनेट तोडा (नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं) आणि डीडीयू सेफ मोडमध्येच (विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालतं तो मोड) चालवा. दर अपडेटला डीडीयू चालवणारे हौशी भेटतात. त्याची गरज नसते.

दोन्हींनंतरही स्क्रीन काळी होत असेल तर ड्रायव्हर सोडा. ओव्हरक्लॉक (कार्डाचा ठरल्यापेक्षा वाढवलेला वेग) काढा, कार्डाचं तापमान बघा, पॉवर सप्लाय तपासा.