डिहायड्रेटर: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

गच्चीला सोसायटीचं कुलूप, खिडकीच्या ग्रिलवर कबुतरं. वाळवण घालायचं कुठे? म्हणून थंडी सरताना पाच ट्रेचा, 350 वॉटचा डिहायड्रेटर, म्हणजे गरम हवेने भाज्या वाळवणारं यंत्र, घेतला.

मेथीवरच पैसे वसूल झाले म्हणा. दादरच्या मंडईत जुड्या स्वस्त असल्या की आणायच्या, निवडून-धुऊन पाणी पूर्ण निथळू द्यायचं आणि 40 अंशांवर ठेवायच्या. पानं हिरवी राहतात. पुदिना, कढीपत्ताही तसाच. टोमॅटोत मात्र 94 टक्के पाणी, त्यामुळे किलोभर चकत्यांचे जेमतेम 60-70 ग्रॅम उरतात. 57 अंशांवर दहा तास तरी जातात. हीटर अखंड चालला असं धरलं तरी वीज साडेतीन युनिट. टोमॅटो स्वस्त असतानाच हा उद्योग परवडतो.

गाजर, मटार, गवार आधी दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग लगेच गार पाण्यात. नाहीतर वाळल्यावरही रंग-चव उतरत जाते. सासूबाईंच्या मते गवारीला उन्हाचीच चव. मलाही ते पटतं. फ्लॉवरच्या वाटेला जाऊ नका, भिजवल्यावर चिवट लागतो.

खरी कसोटी जुलैत. हवेतली आर्द्रता सहज 80 टक्क्यांच्या वर, त्यामुळे ट्रे बाहेर काढून फोनवर बोलत बसलं की कुरकुरीत भेंडी मऊ पडलीच. गार झाली की ताबडतोब काचेच्या बरणीत. पहिला आठवडा बरणी थोडी रिकामी ठेवून रोज हलवायची. एखादा तुकडा आतून ओला राहिला असेल तर त्याचा ओलावा सगळीकडे पसरतो आणि काचेला आतून बाष्प दिसतं. दिसलं की सगळं परत ट्रेमध्ये. बुरशी दिसली तर मात्र अख्खी बरणी टाकायची, वरचं काढून खालचं वापरायचं नाही. बरण्या लहानच घ्या. मोठी बरणी रोज उघडली की दर वेळी दमट हवा आत जाते. स्टीलच्या डब्यांची सैल झाकणं पावसाळ्यात कुचकामी.

तक्रारी? पंखा घोंघावतो, वन बीएचकेत रात्री लावणं अवघड. कांदा घातला की वास शेजारी पोचतो (आमच्या मजल्यावर आता सगळ्यांना वेळापत्रक पाठ आहे). शिवाय प्लास्टिकच्या ट्रेवरचे टोमॅटोचे डाग घासूनही जात नाहीत. नवीन घेणाऱ्यांनी स्टीलच्या जाळ्या आणि टायमर असलेलंच मॉडेल बघावं.